इंदूबाईंच्या चेहऱ्यावरचे वण

एकतीस वर्षं मी लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढले. त्यातला एकच चेहरा मला पुन्हा होता तसा करावा लागला. त्या चेहऱ्याबद्दल लिहायचं आहे.

मुकुंदवाडी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो माझे यजमान काढायचे आणि टचिंग मी करायचे. बोर्डावर नाव त्यांचं होतं, पण गल्लीतल्या बायका आत आल्या की मला शोधायच्या. 'जरा तोंडाकडं बघा,' एवढंच म्हणायच्या. काय बघायचं ते मला कळायचं.

टचिंग म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. रोलच्या काळात निगेटिव्हवर सगळं उलटं दिसायचं. केस पांढरे, गाल काळे. सुरकुती, खड्डा, डोळ्याखालचं काळं वर्तुळ हे तिथं फिकट दिसायचं. उतरत्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशानं उजेड पाडायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं ती फिकट जागा ठिपक्याठिपक्यानं भरायची. पेन्सिल जरा जास्त दाबली गेली की छापील फोटोत गालावर चुन्याचा ठिपका पडल्यासारखं व्हायचं. मी हे काम लग्नानंतर शिकले. पहिले सहा महिने यजमानांनी मला फक्त टाकाऊ निगेटिव्ह दिल्या.

त्यांचा एक नियम होता. आठ दिवसांत जाणारं असेल ते काढायचं, म्हणजे मुरूम, कापल्याची खूण, जागरणानं आलेलं काळं. कायमचं असेल त्याला हात लावायचा नाही. तीळ, वण, भुवईवरची खोक हे त्या माणसाचं आहे, ते आपलं नाही, असं ते म्हणायचे. गिऱ्हाईक कुरकुर करायचं. एकदा एका लग्नाच्या मुलीचा बाप चिडून फोटो न घेताच गेला. यजमान शांतपणे म्हणाले, की उद्या पोरगी समोर उभी राहील तेव्हा बघणारे फोटोला विचारणार नाहीत.

पुढं कॉम्प्युटर आला. पेन्सिल गेली आणि माउस आला. आता शेजारची चांगली कातडी उचलून डागावर बसवता येऊ लागली. काम सोपं झालं आणि हात सैल झाला. यजमान होते तोवर नियम टिकला. ते गेल्यावर मी एकटीच स्टुडिओ चालवत होते, आणि तोवर लोकांच्या हातात मोबाइल आले होते.

मोबाइलनं आमचा धंदा बसवला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधी त्यानं आम्हाला बिघडवलं, हे कोणी सांगत नाही. गिऱ्हाईक आपला मोबाइल काढून दाखवायचं. 'बघा, यात कसा आलाय. तुमचा असा का येत नाही?' मोबाइलमध्ये फिल्टर असायचा. गाल लोण्यासारखे, डोळे मोठे, नाक बारीक. एका कॉलेजच्या मुलीचा पासपोर्ट साइज फोटो मी काढला तर ती म्हणाली, हा माझा नाही. मी तिला मोठ्या आरशासमोर उभं केलं. आरशात बघून ती म्हणाली, की तुमच्या स्टुडिओतला उजेडच वाईट आहे. तेव्हा मी हसले होते. नंतर मात्र मोबाइल जे करतो तेच, पण त्याच्यापेक्षा सफाईनं करून दाखवायची ईर्षा मला चढली. यजमानांचा नियम त्यातच गेला.

अशा दिवसांत प्रकाश आपल्या आईला घेऊन आला.

प्रकाश आमच्या मागच्या गल्लीतला. शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. नुकताच फ्लॅट घेतला होता आणि वास्तुशांतीआधी सगळ्या कुटुंबाचा एक चांगला फोटो हवा होता. बायको वैशाली, दोन मुलं आणि आई इंदूबाई. इंदूबाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. चेहराभर वण होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत. जन्मभर त्या फोटोला उभ्या राहिल्या नव्हत्या. कोणी कॅमेरा काढला की पदर ओढून बाजूला व्हायच्या. त्या दिवशीही स्टुलावर बसायला तयार नव्हत्या. 'माझा कशाला? तुम्ही काढा, मी हितंच बसते,' म्हणत होत्या.

त्यांना बसवलं, फोटो झाला. मग प्रकाशनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की फोटो ग्रुपवर टाकायचाय, वैशालीच्या माहेरचे सगळे त्यात आहेत, तर आईचं तोंड तेवढं साफ करा. मी म्हणाले, एवढे वण काढले तर त्या ओळखू येणार नाहीत. तो म्हणाला, 'काकू, जन्मभर तिनं लपवलं. एका फोटोत तरी तिला चांगलं दिसू द्या.'

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्याआधीच माझा हात शिवशिवत होता. असा अवघड चेहरा टचिंगवाल्याला क्वचितच मिळतो. दोन दुपारी मी त्या चेहऱ्यावर बसले. एकेक वण पडद्यावर मोठा करून घ्यायचा, त्याची कड बघायची, सावली कुठं पडली ते बघायचं आणि भरून टाकायचा. मोबाइलसारखा सगळा चेहरा पुसून टाकला नाही. सुरकुत्या ठेवल्या, डोळ्यांचा थकवा ठेवला. वण मात्र सगळे काढले. मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला.

फ्रेम न्यायला इंदूबाई स्वतः आल्या. बराच वेळ फोटोकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'ही तर आमच्या धाकटीवाणी दिसती. तिला देवी नव्हत्या आल्या.' आवडलं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, धाकटी लई देखणी होती.

ग्रुपवर त्या फोटोचं फार कौतुक झालं. प्रकाशनं मला मुद्दाम मोबाइल आणून दाखवलं. त्यानंतर वैशालीच्या नव्या मोबाइलमध्ये चेहरा आपोआप गुळगुळीत करणारा फिल्टर आला. तो तिनं कधी बंदच केला नाही. इंदूबाईंचीही फोटोची भीती एकदाची गेली होती. सणवार, वाढदिवस, नातवाचं बक्षीस, प्रत्येक फोटोत त्या आता समोर बसायच्या, आणि प्रत्येक फोटोत गाल गुळगुळीत.

पुढं गिऱ्हाईक कमी होत गेलं आणि मी स्टुडिओ बंद केला. कॉम्प्युटर घरी आणून ठेवला. इंदूबाई रस्त्यात भेटायच्या, पण त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. मला दोनदा त्यांनी माझंच नाव विचारलं. शेवटच्या वर्षात त्यांना आंघोळही वैशालीच घालायची.

पौषातल्या एका सोमवारी सकाळी त्या घरातून निघून गेल्या.

वैशाली गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खाली आली तर दार उघडं आणि सासूबाई नाहीत. गल्ली, स्टेशन, देऊळ, भाजीबाजार, सगळीकडं शोधलं. दुपारी पोलिसांत तक्रार दिली. संध्याकाळपर्यंत इंदूबाईंचा फोटो शहरातल्या कितीतरी ग्रुपांवर गेला होता. माझ्याकडंही तो तीन ठिकाणांहून आला. खाली नाव, वय, नेसलेल्या लुगड्याचा रंग आणि 'चेहऱ्यावर देवीचे वण' असं लिहिलं होतं. वर फोटो मी केलेला. कुटुंबाच्या फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा केला होता.

मी तो बघितला आणि पुढं पाठवला. हेही लिहायला हवं. माझ्या डोळ्यांना त्यात काही खटकलं नाही. माझं काम मला छान दिसलं.

तीन दिवस काही कळलं नाही. गुरुवारी दुपारी प्रकाश आणि वैशाली माझ्या दारात उभे राहिले. तपासावरच्या हवालदारानं प्रकाशला विचारलं होतं, की खाली वण लिहिलेत, मग फोटोत वण कुठं आहेत? रात्रभर दोघांनी घरातले सगळे मोबाइल उघडून बघितले होते. सहा वर्षांचे फोटो, आणि वण असलेला एकही नाही. आधार कार्डावरचा फोटो म्हणजे काळा धब्बा. त्याआधीचे फोटो नव्हतेच, कारण त्याआधी त्या फोटोला बसतच नव्हत्या.

'काकू, तुमच्याकडं ओरिजिनल असेल ना?' प्रकाशनं विचारलं.

नव्हता. यजमानांनी एकही निगेटिव्ह कधी टाकली नव्हती. पाकिटावर नाव घालून, खोक्यात भरून ठेवायचे. मी कॉम्प्युटरवर काम करताना जागा वाचवायला साफ केलेला फोटो मूळ फोटोवरच सेव्ह करत आले. कॅमेऱ्यातलं कार्डही दुसऱ्या दिवशी पुसून परत वापरायचे. चांगला फोटो झाल्यावर वाईट कशाला ठेवायचा, असा माझा विचार. हे सगळं त्यांना समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही. नाही म्हणाले आणि कॉम्प्युटर चालू केला. म्हणाले, बसा, आपण वण परत घालू.

चेहरा पडद्यावर मोठा केला. मी प्रकाशला विचारलं, डाव्या गालावर जास्त होते का उजव्या? तो पडद्याकडं बघत राहिला. कपाळावर किती खाली आले होते? नाकावर होते का? शेवटी म्हणाला, 'वण होते एवढं माहीत आहे. कुठं होते ते मी कधी नीट बघितलंच नाही.' पन्नाशीला आलेला माणूस, ओठ आवळून बसला होता. मी त्याला दोष देणार नाही. आईच्या तोंडाकडं आपण असं मोजून बघत नाही. आणि गेली सहा वर्षं तो बघत होता ते मोबाइलमधलं तोंड.

वैशालीला मात्र आठवत होतं. नाकाच्या शेंड्यावर एक खोल होता, ती म्हणाली, त्यात साबण राहायचा, बोटानं काढावा लागायचा. डाव्या कानापुढं तीन जवळजवळ होते. उजवी भुवई मधे तुटलेली होती. एवढं सांगून ती थांबली. पुढचं तिलाही सांगता येईना.

पुढचं मला आठवत होतं.

दोन दुपारी मी त्यांतला एकेक वण मोठा करून बघितला होता. कोणता गोल, कोणता लांबट, कोणाची कड जाड, ते मला ठाऊक होतं. ज्या क्रमानं काढले होते त्या क्रमानं हात आपोआप चालू लागला. आधी कपाळ, मग उजवा गाल, मग नाकाजवळची गर्दी. वण घालणं काढण्यापेक्षा अवघड आहे. नुसता काळा ठिपका ठेवला तर घाण लागल्यासारखं दिसतं. खड्ड्याला एका बाजूनं सावली आणि दुसऱ्या बाजूनं उजेड द्यावा लागतो. चार वाजेपर्यंत मी उठले नाही. मधे वैशालीनंच माझ्या स्वयंपाकघरात जाऊन चहा केला.

झाल्यावर मी खुर्ची मागं घेतली. प्रकाश पडद्याजवळ आला आणि एकदम रडायला लागला. 'हीच,' एवढंच म्हणाला.

त्या घरात तीन मोबाइल होते आणि हजारो फोटो. तरी इंदूबाईंचा खरा चेहरा ज्या एका ठिकाणी शिल्लक होता, ते ठिकाण म्हणजे तो पुसणारी बाई. याचा अभिमान मानायचा का शरम, हे मला आजही ठरवता येत नाही. बहुतेक वेळा शरमच वाटते.

नवा फोटो संध्याकाळी सगळीकडं गेला. शुक्रवारी सकाळी आठच्या सुमाराला पैठणहून प्रकाशला फोन आला. एसटी स्टँडवरचे चहावाले शफीभाई बोलत होते. अम्मा माझ्यासमोर बाकड्यावर बसलीय, म्हणाले.

प्रकाशबरोबर मीही गेले. त्यानं मला न्यावं असं मीच म्हणाले होते.

इंदूबाई स्टँडच्या टोकाच्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. अंगावर शफीभाईंनी दिलेली शाल होती. पाय सुजलेले, एका टाचेला मोठी जखम, आणि छाती घरघर वाजत होती. प्रकाशला त्यांनी ओळखलं नाही. गाडी लागली का, असं त्यांनी त्याला विचारलं.

त्या सोमवारीच तिथं पोचल्या होत्या. कशा, ते कळलं नाही. त्यांचं माहेर पैठणजवळचं. ते गाव जायकवाडीच्या पाण्यात जाऊन पन्नास वर्षं होत आली. इंदूबाई दिवसभर प्रत्येक कंडक्टरला त्या गावाची गाडी विचारत होत्या. तरुण कंडक्टरांनी ते नावच ऐकलेलं नव्हतं. शफीभाईंना माहीत होतं, पण अम्माला ते सांगायचं कसं? 'लागंल गाडी,' म्हणायचे, आणि चहा आणि पाव द्यायचे. रात्री दुकानामागच्या आडोशाला निजायला जागा दिली होती. आपल्या घरी चला, असं त्यांच्या बायकोनं येऊन दोनदा विनवलं, पण गाडी चुकेल म्हणून त्या उठल्याच नाहीत.

शफीभाईंनी आम्हाला त्यांचा मोबाइल दाखवला. पहिला फोटो त्यांच्याकडं सोमवारी संध्याकाळीच आला होता. त्यांनी स्वतः तो स्टँडवरच्या सगळ्यांना पाठवला होता.

'ताई, खालचं वाचून मला शक आला होता,' ते मला म्हणाले. 'नाव विचारलं तर अम्मा गाडीच विचारायची. मंगळवारी मी मोबाइल अम्माच्या तोंडाजवळ धरून बघितला. दुसरीच बाई होती. आज सकाळी हा नवा बघितला, अन् मी नुसती मान वळवली.'

फोटोचं काम मी केलंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.

इंदूबाईंना शहरात आणून दवाखान्यात ठेवलं. थंडीनं न्यूमोनिया झाला होता. रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवस पोटात गेल्या नव्हत्या. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्यांदा त्या झोपल्या होत्या आणि खिडकीतून उजेड थेट चेहऱ्यावर येत होता. तेव्हा मला दिसलं, की ओठाखालचा एक वण मी उजव्या बाजूला घातला होता. तो डावीकडं होता. बाकी सगळे बरोबर होते. मी तिथं उभी राहून एकेक तपासले, दुसरं काय करणार?

दवाखान्यातल्या बाराव्या दिवशी त्या गेल्या. उशीर झाला म्हणून गेल्या, असं मला कोणी म्हणालं नाही. डॉक्टरही नाही, प्रकाशही नाही. मंगळवार ते शुक्रवार हे दिवस माझे मीच मोजते.

दुसऱ्या दिवशी प्रकाशचा फोन आला. श्रद्धांजलीची पोस्ट करायची होती आणि हार घालायला मोठी फ्रेम हवी होती. मी म्हणाले, नवा फोटो तयार आहे, ओठाखालचा वण मी बरोबर जागी घेतलाय.

'काकू, तो नको. पहिला द्या,' तो म्हणाला. 'तो नवा बघितला की मला स्टँड दिसतो.'

मी म्हणाले, अरे, पण ती आई आहे. तो म्हणाला, नातेवाइकांना पहिल्याची सवय आहे, सगळे विचारतील हा कुठला फोटो. त्याच्या आवाजात इतका थकवा होता, की मला भांडता आलं नाही. नाही म्हणाले असते तर वैशालीच्या मोबाइलमधून कुठलाही निघाला असता. मी पहिला पाठवला. पोस्टखाली शेकडो लोकांनी हात जोडले. किती प्रसन्न चेहरा, असं बऱ्याच जणांनी लिहिलं.

तेराव्याला प्रकाशनं शफीभाईंना आठवणीनं बोलावलं होतं. ते पैठणहून पहिल्या गाडीनं आले. पांढरा सदरा घातला होता आणि हातात मोगऱ्याचा हार होता. मी दाराशीच बसले होते, मला बघून त्यांना बरं वाटलं. चपला काढून ते आत गेले. समोर पाटावर हात-दीड हाताची फ्रेम होती, तिला झेंडूचा हार, पुढं समई. प्रकाश आतल्या खोलीत गुरुजींजवळ होता. शफीभाईंनी फ्रेमकडं बघितलं, आदबीनं मान लववली, मग खोलीभर भिंतींवर नजर फिरवली. हार हातातच धरून ते परत माझ्याकडं आले आणि वाकून, हलक्या आवाजात विचारलं,

'ताई, अम्मांचा फोटो कुठं ठेवलाय?'

मी बोट दाखवलं. त्यांनी वळून पुन्हा बघितलं, बराच वेळ. मग पुढं गेले, हार फ्रेमला न घालता पाटावर समईशेजारी ठेवला आणि माझ्याकडं न बघता बाहेर पडले.